नियमांचे पुस्तक कुणासाठी?

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

खेळांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते, खेळाडूंविषयी तर त्याहून अधिक. पण ज्या पुस्तकाच्या आधारावर खेळ उभा राहतो त्या नियमपुस्तकाविषयी कुणी चार ओळी लिहिल्याचे सहसा आढळत नाही. भांडण झाले की उघडायचे आणि भांडण मिटले की कपाटात टाकायचे, एवढाच त्याचा उपयोग अशी आपली समजूत आहे. वास्तविक पाहता नियमपुस्तक हाही लेखनाचाच एक प्रकार आहे. त्याला शैली असते, वाचक असतो आणि वाचकाविषयीचा आदर किंवा अनादरही असतो. एकाच खेळाची पन्नास वर्षांतील नियमपुस्तके शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर हे चांगले ध्यानात येते. तेच या लेखात करावयाचे आहे. आणि मराठी वा कन्नड माध्यमातून महाविद्यालयात आलेल्या आपल्यासारख्यांनी त्यातून काय घ्यावे, याचाही विचार करावयाचा आहे.

ज्या खेळाविषयी मी लिहीत आहे त्याचे नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो प्रसिद्ध केला. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसावे. प्रत्येकाने एक भूमिका घ्यावी: कुणी योद्धा, कुणी चेटकी, कुणी चोर, कुणी वैद्यकी करणारा पुजारी. एकाने सूत्रधार व्हावे. सूत्रधार सांगणार, “तुमच्या समोर दगडी दार आहे, आतून कण्हण्याचा आवाज येतो आहे. काय करता?” बाकीच्यांनी आपापल्या भूमिकेला शोभेल असे उत्तर द्यावयाचे, आणि जिथे यशापयश अनिश्चित असेल तिथे फासा टाकावयाचा. त्यातला मुख्य फासा वीस पैलूंचा असतो. पट हवाच असे नाही, आणि शेवटी अमुक जिंकला, तमुक हरला असेही नाही.

हे वर्णन ऐकून कुणाला हे परदेशी खूळ वाटेल. पण कोकणातील दशावतारी नाटकात संवाद लिहून दिलेले नसतात. कथानक ठाऊक असलेले नट रंगमंचावर उभे राहून ते जागच्या जागी रचतात. आपल्या बेळगाव-बागलकोट भागातील श्रीकृष्ण पारिजातात भागवत आणि दूती यांची जी सवाल-जवाबांची झटापट रात्रभर रंगते, तिच्यातही आयत्या वेळच्या बोलण्याला मोठा मान आहे. सोंग घ्यावे आणि सूत्रधाराच्या प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर द्यावे, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. नवे आहे ते एवढेच की या खेळात त्या प्रकाराला एक जाडजूड पुस्तक जोडलेले आहे.

आपले बहुतेक बैठे खेळ पुस्तकाशिवायच चालत आले. चौकाबाऱ्याचेच पाहा. फरशीवर खडूने घरे आखावीत, चार कवड्या किंवा फोडलेले चिंचोके घ्यावेत, की खेळ सुरू. पण एका गल्लीत दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरात जाता येत नाही, तर पुढच्या गल्लीत तसे काही बंधन नसते. प्रत्येक वाड्याची, किंबहुना प्रत्येक आजीची, एक स्वतंत्र आवृत्ती असते. त्यात गोडी आहे, हे मान्यच. पण आजी गेली की ती आवृत्तीही जाते.

सावंतवाडीच्या गंजिफाचे उदाहरण याहून बोलके आहे. दशावतारी गंजिफात १२० पाने असतात: मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांची प्रत्येकी बारा. प्रत्येक अवताराचा राजा आणि प्रधान, आणि खाली एक्क्यापासून दश्शीपर्यंत पाने. यातल्या पाच अवतारांत दश्शी मोठी, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा. दिवसा खेळ बसला तर रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने उतारी करावयाची, रात्री बसला तर कृष्णाच्या राजाने. किती सुंदर नियम आहे हा! सावंतवाडीच्या राजघराण्याने ही कला मरू दिली नाही. राजवाड्यात आजही कारागीर गोल पाने रंगवतात आणि पर्यटक ती शोभेसाठी विकत नेतात. पण ती पाने घेऊन खेळायला बसणारे किती? पाने कागदावर उतरली म्हणून टिकली. नियम मुख्यतः तोंडी राहिले म्हणून त्यांचे जाणकार विरळ होत गेले.

लिहिणारे आपल्याकडे कुणी नव्हतेच असे मात्र नाही. औरंगाबादच्या हरिकृष्ण शर्मांनी ‘बृहज्ज्योतिषार्णव’ या ग्रंथात ‘क्रीडाकौशल्य’ नावाचा भाग घालून बैठ्या खेळांचे विधी दिले. म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वडेयर यांच्या ‘श्रीतत्त्वनिधी’च्या नऊ निधींपैकी ‘कौतुकनिधी’ हा खेळांनाच वाहिलेला आहे. पण एक पंडिताने लिहिलेला, दुसरा राजाने करविलेला. सामान्य मुलाच्या हाती ते पडावेत अशी त्यांची योजनाच नव्हती. उलट खो-खोचे पाहा. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली त्याचे नियम बांधून दिले, पुढे त्यांत वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला त्या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा भरली. मातीवरचा खेळ जगभर गेला, कारण त्याचे नियम गावाबाहेरच्या माणसाला वाचता येतील अशा रीतीने लिहिले गेले. तेव्हा नियम लिहावेत की नाही हा प्रश्न उरत नाही. कसे लिहावेत, हा खरा प्रश्न.

या प्रश्नाच्या दृष्टीने ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या आवृत्त्यांकडे वळू. १९७४ ची पहिली आवृत्ती म्हणजे एका खोक्यात तीन लहान पुस्तिका. किंमत दहा डॉलर, प्रती एक हजार. पण त्या पुस्तिका नवख्याला काही शिकवीत नाहीत. लढाईसाठी ‘चेनमेल’ नावाची १९७१ ची दुसरी नियमपुस्तिका जवळ असेल, आणि रानावनातील प्रवासासाठी दुसऱ्याच एका कंपनीच्या खेळाचा पट घरी असेल, असे लेखक गृहीत धरतात. म्हणजे ज्यांना आधीच कळले आहे त्यांच्यासाठी काढलेली ती टिपणे होत. वर्गातल्या हुशार मुलाची वही परीक्षेच्या आदल्या रात्री उसनी आणली तर जशी वाटते, तशीच ही पुस्तिका वाटते: सगळे त्यात आहे, पण आपल्याला उलगडत नाही.

१९७७ ते १९७९ या काळात गायगॅक्स यांनी तीन जाड ग्रंथ लिहून ही उणीव भरून काढली. त्यांतला १९७९ चा, सूत्रधारासाठीचा ग्रंथ हा शैलीच्या दृष्टीने सर्वांत विलक्षण. त्यात रोगांचे तक्ते आहेत, दोन औषधे एकत्र प्यायली तर काय होईल याचा तक्ता आहे, कोणत्या कथा-कादंबऱ्या वाचाव्यात याची यादी आहे, आणि मधूनच सूत्रधाराला केलेला उपदेश आहे. वाक्ये लांबलचक, शब्द जड, मत ठाम. आपल्या साहित्यात तुलना करायची तर मला विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ आठवते. ती १८७४ साली सुरू झाली, म्हणजे या खेळाच्या बरोबर शंभर वर्षे आधी. विषय निराळे असले तरी आवाज एका जातीचा आहे: विद्वान, तिरकस, वाचकाला दरडावणारा आणि तरीही सोडवत नाही असा. त्या ग्रंथावर प्रेम करणारे जगभर आहेत. पण ज्याची इंग्रजी पाठ्यपुस्तकापुरतीच झाली आहे त्याला त्याच्या पहिल्याच पानावर शब्दकोश लागतो, ही गोष्टही तेवढीच खरी.

त्यानंतरची दोन पुस्तके मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. १९८१ साली टॉम मोल्डव्हे यांनी प्राथमिक नियमांचे एक पुस्तक केले. पाने फक्त ६४. भूमिकेच्या पहिल्या तीन इयत्तांपुरतेच नियम, पण तेवढे पूर्ण. आधी पात्र कसे तयार करावे, मग सामान, मग प्रवास, मग गाठभेट, मग लढाई: ज्या क्रमाने खेळ घडतो त्याच क्रमाने प्रकरणे. प्रत्येक नव्या शब्दाचा अर्थ तो शब्द येतो तिथेच. आणि मधे खेळाचा एक नमुना दिलेला आहे. त्यात मॉर्गन आयर्नवुल्फ ही योद्धी आणि तिचे सोबती सूत्रधाराशी कसे बोलतात, फासा केव्हा टाकतात, हे संवादरूपाने वाचायला मिळते. १९८३ साली फ्रँक मेन्ट्झर त्याहीपुढे गेले. त्यांच्या पुस्तकात आरंभी नियमच नाहीत. ‘तू’ अशी हाक मारून वाचकाला थेट एका गुहेत नेले आहे. तिथे लढाई होते आणि त्या ओघात मारा कसा मोजावा ते समजते. पुढे अलीना नावाची पुजारीण भेटते, ती जखमा बऱ्या करते, आणि बार्गल नावाच्या दुष्टाच्या जादूने मरते. वाचकाला हळहळ वाटते, आणि त्या हळहळीबरोबर मंत्रापासून बचाव कसा करावा हा नियम कायमचा लक्षात राहतो. हे पुस्तक जपानी आणि जर्मन भाषांत गेले, यात नवल नाही. जे पुस्तक हात धरून शिकवते ते भाषांतरातही हात सोडत नाही.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने मागचा पसारा नीट लावला आणि कोणते नियम ऐच्छिक आहेत ते वेगळे दाखवले. २००० साली, खेळाची मालकी दुसऱ्या कंपनीकडे गेल्यावर, तिसरी आवृत्ती आली आणि २००३ मध्ये तिची सुधारणा झाली. या आवृत्तीला मी कायद्याच्या पुस्तकाची उपमा देईन. वीस पैलूंचा फासा टाका, त्यात आपला गुण मिळवा, बेरीज ठरलेल्या आकड्याइतकी किंवा त्याहून अधिक आली की यश: हे एकच सूत्र सर्वत्र. प्रत्येक शब्दाची व्याख्या, प्रत्येक अपवादाला पोटकलम. सूत्रधाराच्या लहरीपासून खेळाडूला संरक्षण मिळाले, हा या आवृत्तीचा मोठा गुण. पण एकाने दुसऱ्याला मिठी मारून धरले तर काय, एवढे साधे पाहायचे तरी पायऱ्या मोजत बसावे लागे, आणि त्याविषयी खेळाडूंत विनोद प्रचलित झाले.

२००८ ची चौथी आवृत्ती आणखी निराळी. तिच्यात प्रत्येक कसब एका चौकटीत छापलेले. वाटेल तेव्हा वापरता येणाऱ्या कसबाला हिरवी पट्टी, एका चकमकीत एकदाच वापरता येणाऱ्याला लाल, दिवसातून एकदाच वापरता येणाऱ्याला काळपट. पुष्कळ जुन्या खेळाडूंनी तिची निर्भर्त्सना केली. यंत्राबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकासारखी ती रुक्ष आहे असे म्हटले. मला मात्र तिच्या बाजूने एक साक्ष द्यावयाची आहे. आमच्या पाच जणांच्या गटात दोघे मराठी माध्यमाचे, दोघे कन्नड माध्यमाचे आणि एक जण इंग्रजी माध्यमाचा. पुस्तके सगळी इंग्रजी. चालू खेळात पटकन पाहायचे असले की कन्नड माध्यमाच्या मित्राला चौकटीतले चार ठरावीक शब्द सर्वांत लवकर कळत. ललित गद्यात पेरलेला नियम शोधताना तो थांबे. रुक्षता हा नेहमीच दोष नसतो. परकी भाषा वाचणाऱ्याला ठरलेला शब्द ठरलेल्या जागी सापडला, तर तो आधारच वाटतो.

२०१४ ची पाचवी आवृत्ती पुन्हा उलट दिशेने गेली. नियम सहज, बोलल्यासारख्या भाषेत लिहावेत असा तिचा संकल्प. वाचायला ती खरोखर सुखद आहे. पण सहजतेच्या पोटातही काटे आहेत. ‘हातघाईचा शस्त्र-हल्ला’ आणि ‘हातघाईच्या शस्त्राने केलेला हल्ला’ हे दोन प्रयोग त्या पुस्तकात एकच अर्थ सांगत नाहीत. मोकळ्या मुठीने मारलेला ठोसा पहिल्यात मोडतो, दुसऱ्यात नाही, कारण मूठ हे शस्त्र नव्हे! मराठीत हा भेद ऐकताच हसू येते. यावरून मला एक कसोटी सुचते. एखादा नियम दुसऱ्या भाषेत सांगून पाहावा. सांगताना त्याचा जीव गेला, तर तो नियम नव्हता, शब्दांची चलाखी होती. पुढे २०२४ च्या सुधारित आवृत्तीत शेवटी नियमांचा एक कोशच जोडावा लागला. खेळाडूंच्या मुख्य पुस्तकाची पाने २०१४ मध्ये ३२० होती, ती ३८४ झाली. मोल्डव्हे यांच्या चौसष्ट पानांच्या बरोबर सहापट! दोन्हींची व्याप्ती सारखी नाही हे खरे. पण दारात उभ्या असलेल्या नवख्याला व्याप्ती दिसत नाही, जाडी दिसते.

एक नियम घेऊन ही तुलना पक्की करू. लढाईतून पाठ फिरवून पळाल्यास काय होते? १९७९ मध्ये उपदेशाच्या सुरात सांगितले आहे की शत्रूला पळणाऱ्याच्या पाठीवर वार करण्याची संधी मिळते. १९८१ मध्ये दोन सरळ पर्याय आहेत: शत्रूकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरा, किंवा पळ काढा, पळ काढलात तर शत्रूच्या फाशात दोन मिळवले जातील आणि तुमची ढाल कामी येणार नाही. २००० मध्ये याच गोष्टीला पारिभाषिक नाव मिळाले आणि कोणकोणत्या कृतींनी असा वार ओढवतो याचा तक्ताच आला. २००८ मध्ये पटावरील घरे मोजून एक घर सावकाश सरकण्याची सोय झाली. २०१४ मध्ये तक्ता गेला आणि एक परिच्छेद उरला: शत्रूच्या टप्प्यातून बाहेर पडलात तर एक वार. पाच पुस्तके, पाच आवाज, गोष्ट एकच. आमच्या टेबलावर हा नियम असा सांगितला जातो: “पळायलालास न्हवं? मग त्येला एक फुकटचा फटका मिळतोय बघ.” आणि पलीकडून कुणी तेच कानडीत म्हणतो, “बेन्न तोरिसिदर ओंद एट.” पाठ दाखवलीस तर एक तडाखा. चार-पाच शब्दांत काम झाले.

यातून माझे मत असे बनले आहे. नियमपुस्तकाला दोन कामे असतात. पहिले, नवख्याला आत घेण्याचे. दुसरे, आत बसलेल्यांचा तंटा मिटवण्याचे. पहिल्या कामाला गोष्ट लागते, उदाहरण लागते, ‘तू’ म्हणणारा आवाज लागतो. दुसऱ्याला व्याख्या, कलम आणि अनुक्रमणिका लागते. या खेळाच्या आवृत्त्यांत पन्नास वर्षे जी ओढाताण चालली आहे ती या दोन कामांचीच आहे. अमुक आवृत्ती थोर आणि तमुक टाकाऊ, असे जे वाद खेळाडू घालतात, त्यांत कोण कुठे उभा आहे हे आधी विचारले पाहिजे. दहा वर्षे खेळलेल्याला कलमे हवीत. दारात उभ्या असलेल्याला अलीना हवी.

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना ही दोन्ही कामे एकत्र करणारे एक जुने पुस्तक अभ्यासाला असते, आणि आमचे त्याकडे लक्ष नसते. ते म्हणजे १८७२ चा भारतीय करार कायदा. त्यात कलम कडक आहे, पण पुष्कळ कलमांच्या खाली उदाहरणे दिलेली आहेत. ‘अ’ घर विकू पाहतो, ‘ब’ पत्र पाठवतो, ‘क’ माल देण्याचे कबूल करतो. परीक्षेत कलमाचे शब्द विसरतात, पण ‘अ’ आणि ‘ब’ची भानगड विसरत नाही. दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांना जे उमगले, की नियम सांगून भागत नाही, तो घडताना दाखवावा लागतो, ते आपल्या अनेक पाठ्यपुस्तकांना अजून उमगलेले नाही. मराठी माध्यमातून बारावी झालेला मुलगा पहिल्या वर्षाच्या वर्गात मान खाली घालून बसतो. त्याला हिशेब येत नाही म्हणून तो तसा बसत नाही. जमाखर्च तो घरच्या दुकानात रोज पाहतो. ज्याला आधीच कळले आहे त्याच्यासाठी लिहिलेले पुस्तक त्याच्यापुढे ठेवलेले असते. १९७४ च्या पुस्तिकेसारखे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, की इंग्रजी आलीच पाहिजे. खेळासाठी का होईना, मुले इंग्रजी वाचतात हे चांगलेच नाही का? चांगलेच आहे. मलाही या पुस्तकांनी पुष्कळ इंग्रजी शिकवले. पण खेळायला आधी टेबलाशी बसावे लागते. ज्याला पहिल्या पानानेच परत पाठवले तो दुसऱ्या पानावरचे इंग्रजी कसे शिकणार?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मराठी-कन्नडात या गोष्टींना शब्द कुठे आहेत? याचे उत्तर त्याच पुस्तकांत मिळते. इंग्रजीत या खेळात ‘लेव्हल’ हा एकच शब्द पात्राच्या प्रगतीला, भुयाराच्या खोलीला, मंत्राच्या अवघडपणाला आणि राक्षसाच्या ताकदीला वापरतात. १९७८ च्या पुस्तकात खुद्द गायगॅक्स यांना त्याचा खुलासा करावा लागला. निरनिराळे शब्द वापरण्याचा विचार त्यांच्या मनात आला होता, पण रूढ झालेला शब्द त्यांनी राहू दिला. आपल्याला ही अडचणच नाही. पात्राची इयत्ता, भुयाराचा मजला, मंत्राची पायरी: मराठीत तीन गोष्टींना तीन शब्द हजर आहेत. कन्नडात तरगति, अंतस्तु आणि मेट्टिलु आहेत. जिथे इंग्रजी शब्दच रुळला आहे तिथे तो खुशाल ठेवावा. आपण ‘पॉइंट’ म्हणतोच. संस्कृत धातूंपासून नवे शब्द पाडून नियमपुस्तक जड करू नये, एवढे पथ्य पाळले म्हणजे झाले.

कायद्याचीही आडकाठी आता राहिलेली नाही. जानेवारी २०२३ मध्ये प्रकाशक कंपनीने २००० सालापासूनचा खुला परवाना बदलण्याचा घाट घातला, तेव्हा खेळाडूंनी एवढा गदारोळ केला की कंपनीला माघार घ्यावी लागली. त्याच महिन्यात पाचव्या आवृत्तीच्या मूलभूत नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला करण्यात आला. श्रेय दिले की त्याचे भाषांतर कुणालाही करता येते, छापता येते, विकताही येते. त्यानंतर तो फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिश भाषांत उपलब्ध झाला. मराठी आणि कन्नड या यादीत का असू नयेत?

तथापि माझी सूचना त्या शेकडो पानांच्या शब्दशः भाषांतराची नाही. तसे केले तर पुन्हा कलमांचाच डोंगर होईल, फक्त देवनागरीत. आपल्याला हवी आहे बत्तीस पानांची एक पुस्तिका. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर कन्नड. आरंभी गोष्ट, आणि ती गुहेतल्या ड्रॅगनचीच असावी असे नाही; यमकनमर्डीच्या घाटात रात्री बंद पडलेली एस. टी. चालेल, राजहंसगडाची पडकी तटबंदी चालेल, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतला अंधार चालेल. प्रत्येक नियमाखाली करार कायद्यातल्यासारखे एक उदाहरण. शेवटच्या दोन पानांवर चौथ्या आवृत्तीसारख्या चौकटी, चालू खेळात पटकन पाहायला. आणि जमल्यास मागच्या पानावर गंजिफाचे आणि चौकाबाऱ्याचे नियम, आपापल्या गल्लीतल्या पाठभेदांसह. पुस्तिका जमली की नाही याची परीक्षा सोपी आहे. ती दहावीच्या एखाद्या मुलीच्या हाती द्यावी आणि आपण बाजूला व्हावे. कुणाला काही न विचारता तिने मैत्रिणींना घेऊन खेळ मांडला, तर पुस्तिका उत्तीर्ण.

सीमाभागात भाषा हा शब्द उच्चारला की मोर्चे, फलक आणि खटले डोळ्यांसमोर येतात. त्या प्रश्नांचे महत्त्व मी कमी लेखत नाही. पण भाषा जगते ती वापराने, आणि वापर वाढतो तो जिथे मजा असते तिथे. आमच्या टेबलावर शनिवारी दोन तास मराठी, कानडी आणि इंग्रजी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून बसतात आणि कुणालाही त्यात गैर वाटत नाही. नियतकालिकाच्या या अंकात मराठी विभाग आणि कन्नड विभाग वेगवेगळे आहेत. एकाचे वाचक दुसऱ्याची पाने क्वचितच उलटतात. समोरासमोरच्या पानांवर दोन्ही भाषा असलेली एखादी पुस्तिका दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी मिळून केली, तर ते काम या महाविद्यालयालाच शोभेल. मराठी पानांचा पहिला मसुदा करण्याची माझी तयारी आहे. कन्नड विभागातून कुणी पुढे यावे, आणि दोन्ही विभागांच्या प्राध्यापकांनी आमच्या वाक्यांना लाल शाई लावावी, एवढीच विनंती.